करवंदाची जाळी सावलीत लावताय? सोबतीला काय चालेल, काय नाही

बदलापूर : एप्रिल-मे आला की बदलापूर आणि अंबरनाथ स्टेशनच्या बाहेर, उल्हासनगरच्या बाजारात पाट्या दिसू लागतात. पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं, शेजारी कच्च्या कैऱ्या, थोड्या दिवसांनी जांभळं. ही ‘डोंगरची काळी मैना’ बहुतेक वेळा वाडी-पाड्यातल्या कातकरी, ठाकर बायका पहाटे उठून, काट्यांत हात घालून गोळा करतात आणि लोकलच्या गर्दीत विकायला आणतात. पण डोंगर उतरत चालले आहेत. कुठे प्लॉट पडतात, कुठे मुरूम निघतो, कुठे दर उन्हाळ्यात वणवा लागतो. करवंदाची जाळी तोडायला एक दिवस लागतो, पुन्हा उभी राहायला तीन-चार वर्षं.

म्हणून परसात, कुंपणाला किंवा शेताच्या बांधावर करवंद लावायचा विचार बरेच जण करतात. अडचण एकच. ‘आमच्याकडे सावली आहे. आंबा आहे, जांभूळ आहे, आता शेजारी चार मजली बिल्डिंगही उभी राहिली. करवंद येईल का? आणि त्याच्या आजूबाजूला दुसरं काय लावता येईल?’

उत्तर आहे. फक्त सावली किती आहे एवढंच बघून चालत नाही. ती कोणत्या महिन्यात असते, हे आधी बघावं लागतं.

जंगलात करवंद सावलीत असतं, मग घरी का फळत नाही?

मलंगगडाच्या बाजूला किंवा बारवी धरणाकडच्या रानात गेलात तर करवंदाच्या जाळ्या साग, ऐन, पळस यांच्या खाली दिसतील. त्यावरून आपण समजतो की करवंदाला सावली चालते. हे अर्धं खरं आहे.

साग पावसाळ्यात छत्रीसारखा पसरतो, पण माघ-फाल्गुनापर्यंत त्याची पानं गळून जातात. पळसही उघडा पडतो. नेमकं तेव्हाच करवंदाला पांढरी, वासाची फुलं येतात. म्हणजे पावसाळ्यात डोक्यावर सावली आणि फुलोऱ्याच्या वेळी भरपूर ऊन, अशी जंगलाची सोय असते.

आपल्या परसात आंबा, फणस, जांभूळ ही झाडं बाराही महिने हिरवी. त्यांची सावली फेब्रुवारीतही तितकीच दाट. अशा झाडाच्या बुंध्याशी लावलेलं करवंद मरत नाही, पण उजेडाच्या मागे लांब, बारीक फांद्या टाकतं. पानं भरपूर, काटे भरपूर, फळं मूठभर. फुलोऱ्याच्या दिवसांत रोज किमान चार-पाच तास थेट ऊन मिळालं तरच जाळी धरते, असा हिशेब ठेवा.

मे महिन्यातलं ऊन फसवतं

बहुतेक जण लावणीची जागा मे महिन्यात ठरवतात, कारण रोपं पावसाच्या तोंडावर लावायची असतात. तेव्हा अंगणभर ऊन दिसतं आणि जागा पक्की होते. चूक इथेच होते.

आपल्या भागात साधारण 16 मे ते 27 जुलै या काळात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर, किंचित उत्तरेला असतो. त्यामुळे भिंतीची, बिल्डिंगची सावली दुपारी जवळजवळ नसतेच. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि सावली लांब उत्तरेला पडते. हिशेब असा :

• 10 फुटी भिंत : डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारी सुमारे 9 फूट सावली, फेब्रुवारीच्या शेवटी सुमारे 5 फूट, 21 मार्चला साडेतीन फूट.

• 40 फुटी, म्हणजे साधारण चार मजली बिल्डिंग : डिसेंबरच्या अखेरीस सुमारे 37 फूट, फेब्रुवारीच्या शेवटी 20 फूट, 21 मार्चला 14 फूट.

म्हणजे बिल्डिंग तुमच्या दक्षिणेला असेल आणि मधलं अंतर 10 फूट असेल, तर फुलोऱ्याच्या ऐन दिवसांत ती जागा दुपारीही अंधारात. मेमध्ये तिथे कितीही ऊन दिसो. हे कळतं तिसऱ्या-चौथ्या वर्षी, जेव्हा शेजाऱ्याच्या जाळीला फळं येतात आणि आपल्या नाही.

घाई नसेल तर सोपा उपाय करा. येत्या फेब्रुवारीत एका सुट्टीच्या दिवशी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता अंगणाचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा. जिथे तिन्ही फोटोंत ऊन आहे ती जागा करवंदाची. जिथे एकाच फोटोत ऊन आहे ती हळदीची. यंदाच लावायचं असेल तर वरचा हिशेब वापरा आणि दक्षिणेची बाजू मोकळी असलेली जागा निवडा.

सोबतीण कशी असावी?

करवंदाची गरज कमी असते. मुरमाड, खडकाळ जमीन चालते. एकदा मूळ धरलं की पावसाच्या पाण्यावर जगतं. हिवाळ्यात पाणी जास्त झालं तर उलट पानंच वाढतात. म्हणून त्याच्या शेजारी लावायच्या झाडाला तीन प्रश्न विचारा :

1. फुलोऱ्याच्या वेळी, म्हणजे माघ-फाल्गुनात, हे करवंदाचं ऊन अडवणार का?
2. याला उन्हाळ्यात रोज पाणी लागतं का?
3. हे काढताना करवंदाची मुळं उखडणार का?

तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती सोबत चांगली. आपल्या भागातल्या पावसाळी भाज्या आणि कंद यात बसतात. पाऊस पडला की उगवतात, दिवाळीनंतर पिवळे पडायला लागतात आणि उन्हाळ्यात जमिनीखाली झोपतात. करवंद फुलायला-फळायला लागतं तेव्हा यांची वेळ संपलेली असते. एकच जागा दोघं आलटून पालटून वापरतात.

सावलीच्या बाजूला : हळद, आंबेहळद, आलं, सुरण

करवंदाच्या उत्तरेला, मोठ्या झाडाच्या विरळ सावलीत ही मंडळी खुशाल वाढतात. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला गड्डे लावा. पावसाळाभर पान वाढेल. श्रावण-भाद्रपदात पातोळ्यांसाठी हळदीची पानं घरचीच. पानं वाळली की जानेवारी-फेब्रुवारीत काढणी.

काळजी एकच. काढताना खणावं लागतं, म्हणून हळद-आलं करवंदाच्या बुडख्यापासून किमान दोन फूट आणि सुरण तीन फूट लांब ठेवा. पाऊस थांबल्यावर हळदीला थोडं पाणी लागतं. ते हळदीच्या वाफ्यातच द्या, करवंदाच्या आळ्यात सोडू नका.

शेवळं : पहिल्या पावसाची भाजी

ठाणे-रायगडकडच्या माणसाला शेवळांची ओळख करून द्यायला नको. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून नुसता दांडा वर येतो, पान नंतर फुटतं. झाडांखालच्या पालापाचोळ्याच्या जमिनीत ती आपोआप येतात, त्यामुळे सावलीतल्या परसाला ही अगदी घरची भाजी. घशाला खाज येऊ नये म्हणून काकडं किंवा चिंच घालूनच ती शिजवायची, हे घरातल्या जुन्या बाया सांगतीलच.

कंद ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून घ्या. रानातून कंदासकट उपटू नका, एक तर पुढच्या वर्षी तिथे काही उरत नाही, दुसरं म्हणजे वनखात्याच्या जागेत खणणं अंगलट येऊ शकतं. आणि स्वतःच्या परसातही सगळे दांडे कापू नका. काही ठेवलेत तर बी धरेल आणि शेवळं पसरतील.

करटोली : जाळीच हिचा मांडव

रानात करटोलीचा वेल करवंदाच्याच जाळीवर चढलेला अनेकदा दिसतो. पहिल्या पावसात कंद फुटतो, जुलै ते सप्टेंबर फळं, आणि पाऊस संपला की वेल वाळतो. वेगळा मांडव घालावा लागत नाही आणि करटोलीला बाजारात भाव चांगला मिळतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. फुलाच्या मागे छोटं काटेरी बोंड दिसलं तर तो मादी वेल, नुसता देठ असेल तर नर. नुसते नर लावले तर फळ नाही, नुसत्या माद्या लावल्या तरीही नाही. साधारण आठ-दहा मादी वेलांमागे एक नर पुरतो. घरगुती दोन-तीन वेल असतील तरी एक नर हवाच. दुसरी गोष्ट, वाळलेला वेल नोव्हेंबरमध्येच जाळीवरून ओढून काढा. तो तसाच राहिला तर करवंदाच्या नव्या फुटव्यावर सावली धरतो.

भारंगी आणि फोडशी

भारंगी हे झुडूप आहे, माणसाच्या कमरे-छातीएवढं होतं. विरळ सावलीत चांगलं येतं. पावसाच्या सुरुवातीला कोवळ्या पानांची भाजी, पुढे फुलांचीही. करवंदापासून चार फुटांवर, उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या बाजूला लावा आणि भाजीसाठी खुडत राहा, म्हणजे उंच जाणार नाही. फोडशी गवतासारखी बुटकी. जाळीच्या पायथ्याशीही चालते, मुळांना त्रास नाही.

उन्हाच्या बाजूला : वाल

जाळीच्या दक्षिणेला जी मोकळी पट्टी ठेवाल ती रिकामी टाकायची गरज नाही. भात निघाल्यावर आपल्याकडे ओलीवर वाल टाकतातच. इथेही टाका. वाल बुटका राहतो, जमिनीतल्या ओलाव्यावर वाढतो, मुळांच्या गाठींमधून जमिनीला नत्र देतो आणि शेंगा हिवाळ्यातच हाताशी येतात. करवंदाचं ऊन अडत नाही आणि घरात बिरड्याची सोय होते. उंच मांडवावर चढणाऱ्या जाती मात्र या बाजूला नकोत.

हे शेजारी नकोत

• केळ, अळू, पपई : यांना सतत पाणी लागतं, करवंदाला ते नको. अळू मोरीच्या पाण्यावर लावा, करवंद दुसऱ्या टोकाला.

• गुळवेल, मनीप्लांट, कृष्णकमळ : हे वेल करटोलीसारखे वेळेवर वाळत नाहीत, दोन-तीन वर्षांत जाळी झाकून टाकतात.

• कण्हेर आणि पिवळी बिट्टी : करवंदाच्याच कुळातली झाडं. तोडली तर तिघांतूनही पांढरा चीक येतो. पण कण्हेर आणि बिट्टी विषारी आहेत, बिट्टीचं बी तर फारच. मुलं जिथे फळं तोडून तोंडात टाकणार त्या कुंपणात ही झाडं मिसळू नका. कुंपण दाट करायला म्हणून मध्ये कण्हेर टोचणं धोक्याचं आहे.

• घाणेरी : हिचीही फळं काळी, बारीक, झुपक्यानं येतात. लहान मुलं गोंधळतात, आणि पाला गुरांना बाधतो. घाणेरी एकदा शिरली की करवंदाला जागा ठेवत नाही. रोप हाताएवढं असतानाच मुळासकट काढा.

• रानमोडी : उन्हाळ्यात वाळून कोळ झाली की ठिणगी लागताच पेटते. बांधावर जाळी लावली असेल तर दिवाळीनंतर रानमोडी कापून बाजूला करा.

• बांबू : मुळं दूरवर पसरतात, सावलीही दाट.

एक गुंठ्याचा आराखडा

समजा घरामागे 1 गुंठा, म्हणजे 33 बाय 33 फूट जागा आहे आणि उत्तरेच्या कोपऱ्यात जुनं जांभळाचं झाड आहे. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून असं झाड तोडायला कोणाचं मन होणार नाही, आणि तोडायची गरजही नाही.

दक्षिणेच्या हद्दीपासून 3 फूट आत करवंदाची रांग घ्या. कुंपणासाठी दोन रोपांत 3 फूट अंतर, म्हणजे 11 रोपं. मुख्य हेतू फळांचा असेल तर अंतर 8 ते 10 फूट ठेवून 4 रोपं. हद्द आणि जाळीमधल्या 3 फुटांत वाल. जाळीच्या आतल्या बाजूला 3 फूट वाट मोकळी ठेवा, नाहीतर करवंदं तोडायला काट्यांतून जावं लागेल. वाटेपलीकडे भारंगी, मग हळद-आल्याचे वाफे, आणि जांभळाच्या घेराखाली शेवळं आणि फोडशी. रांगेच्या दोन टोकांना करटोली.

यात एप्रिल-मेमध्ये करवंद, जूनमध्ये जांभूळ आणि शेवळं, जुलैपासून करटोली, हिवाळ्यात वाल, शेवटी हळद-सुरण. मोठी कमाई नाही, पण घरच्या ताटाला आणि हातखर्चाला वर्षभर काहीतरी असतं. शिवाय जाळी दाट झाली की शेळ्या-गुरं आतल्या भाजीला तोंड लावत नाहीत, तारेचा खर्च वाचतो.

जागा नाही, फक्त गच्ची किंवा गॅलरी आहे

उल्हासनगर कॅम्पातल्या दाटीच्या घरांत जमीन कुठून आणायची? अर्धा कापलेला ड्रम चालतो. तळाला भोकं पाडा, खाली विटांचे तुकडे, वर माती, थोडा मुरूम आणि शेणखत. एका ड्रममध्ये करवंदाचं एकच रोप. त्याच ड्रममध्ये सोबत हवीच असेल तर कडेला कोरफड लावा, तिलाही पाणी कमीच लागतं. हळद, आलं वेगळ्या कुंडीत. दक्षिणेकडे तोंड असलेली गॅलरी असेल तर फळाची आशा धरा, फक्त उत्तरेची असेल तर नाही. तिथे हळद आणि आल्याच्या कुंड्याच बऱ्या.

रोप, बी आणि लावणी

करवंदाचं बी साठवून टिकत नाही. पिकलेल्या फळातलं बी धुऊन, सावलीत सुकवून लगेच पिशवीत पेरा. ‘पुढच्या वर्षी लावू’ म्हणून डबीत ठेवलेलं बी उगवत नाही. बियांच्या रोपाला फळ धरायला साधारण तीन-चार वर्षं लागतात आणि फळ आईच्या झाडासारखंच येईल असं नाही. लवकर आणि मोठं फळ हवं असेल तर रोपवाटिकेत गुटी कलमाचं रोप मागा. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ ही मोठ्या फळाची जात दिली आहे, तिची चौकशी करा. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात किंवा गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे रोपं कुठे मिळतील आणि फळबागेच्या कोणत्या योजनेत बसेल, हेही विचारून घ्या.

खड्डा दीड-दोन फूट लांब-रुंद-खोल घ्या. मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, पहिला चांगला पाऊस झाल्यावर घमेलंभर शेणखत मातीत मिसळून रोप लावा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी द्या, नंतर कमी करत जा. फळं संपल्यावर, जूनच्या सुरुवातीला, वाळक्या आणि आत वळलेल्या फांद्या छाटा. थंडीत छाटणी केली तर फुलोरा हातचा जातो.

करवंदाला एक गोष्ट मात्र अजिबात सोसत नाही, साचलेलं पाणी. उल्हास नदीच्या काठची सखल जमीन पावसात काय होते ते या भागाने पाहिलं आहे. 27 जुलै 2019 ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. अशा पाणी भरणाऱ्या पट्ट्यात करवंद लावायचंच असेल तर दीड-दोन फूट उंच वरंबा करून त्यावर लावा, नाहीतर ती जागा अळूला द्या.

वर्षाचं वेळापत्रक

• मे : खड्डे, हळद-सुरणाचे गड्डे. करवंद तोडणी, बी पेरणी.
• जून : हलकी छाटणी, रोपांची लावणी, करटोलीचे कंद. शेवळांची भाजी.
• जुलै-सप्टेंबर : करटोली, भारंगी, फोडशी. घाणेरी उपटा.
• ऑक्टोबर-नोव्हेंबर : वाल पेरा. वाळलेले वेल आणि रानमोडी काढा.
• डिसेंबर-जानेवारी : जुन्या जाळीला पाणी बंद. जुन्या झाडांच्या दक्षिणेकडे झुकलेल्या, करवंदावर आलेल्या फांद्या थोड्या कमी करा. सुरण काढा.
• फेब्रुवारी : वालाच्या शेंगा, हळद काढणी. अंगणातल्या उन्हाचे फोटो.
• मार्च-एप्रिल : फुलं, मग हिरवी करवंदं. लोणच्यापुरती तोडा, बाकी पिकू द्या. तोडण्याआधी हाताला तेल लावा, चीक चिकटत नाही.

यंदा खड्डे घ्यायचे असतील तर पावसाला थोडेच दिवस आहेत. खणण्याआधी एकदा दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा आणि समोर काय उंच आहे ते बघा. भिंत, बिल्डिंग की आंबा? त्याच्या उंचीएवढं अंतर सोडून लावलेल्या करवंदाला त्या बाजूने थंडीतही दुपारचं ऊन मिळेल.